चालू स्थितीत

जॉर्ज अमोलिक गेले त्याला दोन महिने झाले, तेव्हा कुठे रोझीबाईंनी मागच्या खोलीत पाऊल टाकलं.

तशी त्या खोलीला कधी कुलूप नव्हतं. सावेडीतल्या त्यांच्या बैठ्या घरात स्वयंपाकघराला लागून ती खोली होती, एक पलंग मावेल एवढी. जॉर्ज हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी तिथं प्लायवूडचं मोठं फळकूट टाकून घेतलं. त्यावर लंबगोल रूळ ठोकले, भिंतीला काचेची कपाटं लावली आणि त्या कपाटांत एकेक करून छोट्या आगगाड्या येऊन बसल्या. मुलांच्या खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या इंजिनांच्या हुबेहूब नकला, वीतभर लांबीच्या, विजेवर धावणाऱ्या. नवीन घ्यायची म्हटली तर पेन्शनीत बसण्यासारखी नव्हती. म्हणून ते मोबाईलवरच्या लिलावात जुन्या गाड्या घेत. कुणी कोलकात्याचा, कुणी थेट जर्मनीतला माणूस गाडी विकायला काढायचा. चार फोटो, खाली वर्णन, आणि मग बोली. मुदत संपताना ज्याची बोली वरची, त्याची गाडी. मग जॉर्ज तीनतीन आठवडे पार्सलाची वाट बघत.

रोझीबाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शिस्तीच्या, अक्षर मोत्यासारखं, आणि जीभ अशी की शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सगळे जपून बोलत. नवऱ्याच्या ह्या नादात त्या पडल्या नाहीत. संध्याकाळी सहाच्या सुमारास मागून बारीक गुणगुण ऐकू यायची, शिलाईमशीन लांब कुठे चालावं तशी. त्या चहा घेऊन जायच्या, दारातूनच कप पुढे करायच्या. पुढे ऐटबाज इंजिन, मागे डबे, आणि वाकून बघणारे जॉर्ज.

"चालली का तुमची मेल?" त्या विचारायच्या.

"चालली की," ते मान न वळवता म्हणायचे. "आज ही काळी काढलीय."

एवढंच. पंधरा वर्षं.

आता ती गुणगुण थांबली होती आणि घर खायला उठत होतं. मुलगी एंजेला लग्न होऊन पुण्यात होती, नोकरी करायची, तीच फोनवर म्हणाली, "मम्मी, त्या गाड्या विकून टाक. खोली एखाद्या नर्सिंगच्या मुलीला दे. घरात माणूस तरी असेल." रोझीबाईंना ते पटलं. पप्पांचं लिलावाचं खातं मोबाईलवर होतंच. ठरलं असं, की रोझीबाईंनी फोटो काढायचे, वर्णन मराठीत लिहायचं आणि एंजेलाने त्याचं इंग्रजी करून टाकायचं.

वर्णन लिहायला रोझीबाई बसल्या त्या निबंध लिहायला बसल्यासारख्या. टेबल पुसलं, चष्मा पुसला. पहिलं घेतलं ते मोठं काळं इंजिन, तांब्याच्या रंगाच्या पट्ट्यांचं. त्यांनी लिहिलं, "हे इंजिन माझ्या दिवंगत पतींनी जिवापाड जपले. ते रोज संध्याकाळी स्वतः चालवीत असत. उत्तम चालू स्थितीत." लिहिताना डोळे भरून आले. पण त्यांनी एक शब्दही वाढवून लिहिला नाही. आयुष्यात त्यांनी खोटा दाखला कुणाला दिला नव्हता.

बाकीच्या चौदा इंजिनांखालीही त्यांनी थोड्याफार फरकाने तेच लिहिलं.

काळं इंजिन सगळ्यात आधी गेलं. बोली चढत चढत गेली आणि शेवटी घेणारा निघाला सहादेव नवले, बेलापूर, तालुका श्रीरामपूर. आपल्याच जिल्ह्यात राहिली गाडी, म्हणून रोझीबाईंना बरं वाटलं. त्यांनी ती कापसात गुंडाळली, खोक्यात घातली आणि स्वतः कुरियरच्या दुकानात नेऊन दिली.

सहाव्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर साठीचा माणूस उभा. पांढरा सदरा, हाताच्या बोटांत मुरलेलं काळं ग्रीस, काखेत तेच खोकं.

"रोझी अमोलिक तुमीच का?"

"हो. आपण?"

"मी सहादेव नवले. बेलापूरहून आलोय. तुमाला तीन मेसेज टाकले, एकाचं उत्तर न्हाई. म्हनून यष्टीनं तारकपूर स्टँडला उतरलो न् पत्ता विचारत आलो." त्यांनी खोकं ओट्यावर ठेवलं. आवाज चढलेला नव्हता. "बाई, मी पंपाच्या जळक्या मोटरी भरतो, नवी तार गुंडाळून. चाळीस वर्सं तेच केलं. मला मोटर काय ते कळतं. ह्या इंजनात मोटरच न्हाई."

"काय बोलताय तुम्ही? रोज चालायचं ते."

"कसं चालंल? उघडून बगा." त्यांनी इंजिन बाहेर काढलं, वरचं टरफल अलगद उचललं. आत मोटरच्या जागी शिशाचा तुकडा वजनाला भरलेला होता, त्यावर धूळ बसलेली. "हे नुसतं कवच हाय. दुकानात शोभंला ठेवत्यात तसलं. आन् तुमी लिवता, पती रोज चालवायचे!"

मेसेज आलेले रोझीबाईंनी पाहिलेच नव्हते. शेजारच्या ओट्यावर गहू पाखडणारी बाई हात थांबवून बघायला लागली होती.

"फोटोवर मी भरवसा न्हाई ठिवला," सहादेव म्हणाले. "फोटो काय, कसे बी काढत्यात. पन एखादी बाई मेलेल्या नवऱ्याचं नाव घिऊन खोटं कशाला लिवंल, असं वाटलं मला. त्या एका वाक्यावर मी बोली चढवत गेलो. लोकं काय काय इकतात आजकाल!"

हे मात्र रोझीबाईंना सहन झालं नाही. "आत या," त्या म्हणाल्या. "तुमचे पैसे तर मी आत्ता देते. पण आधी आत या. मी माझ्या कानांनी ऐकलंय रोज. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

सहादेव चपला काढून आत आले. रोझीबाईंनी मागची खोली उघडली, बटण दाबलं, वेग कमीजास्त करायची डबी त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि कपाटातून स्वतः निळं इंजिन काढून दिलं. सहादेवांनी ते रुळावर ठेवलं, कळ फिरवली. इंजिन हललं नाही. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, नखाने चाक ढकललं, नाकाशी नेऊन वास घेतला. "जळालीय," ते म्हणाले. हिरव्याचं दातेरी चक्र तुटलेलं. लालच्या खालचं धातूचं अंग भुसभुशीत होऊन बोटाला पीठ लागत होतं. एकात मोटर होती, पण तिच्या तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या. पंधराच्या पंधरा इंजिनं त्यांनी तपासली. एक तास गेला. त्यांचा राग कधी उतरला ते त्यांनाही कळलं नाही. दहाव्या इंजिनानंतर ते रोझीबाईंच्या तोंडाकडे बघायचंही टाळू लागले.

"मग आवाज कशाचा यायचा?" रोझीबाईंनी विचारलं.

सहादेवांनी खोलीभर नजर फिरवली. फळकुटाच्या कडेला डब्यांची रांग होती. त्यात इंजिनाला चिकटून लावतात तसला एक बंद डबा होता, सामान नेण्याचा, तपकिरी, रंग उडालेला. त्यांनी तो उचलला आणि हातात तोलला. डब्याच्या मानाने तो जड होता. त्यांनी तो रुळावर ठेवून कळ फिरवली, आणि तो तपकिरी डबा एकटाच, डोकं खाली घालून निघाल्यासारखा, गुणगुणत लंबगोलावरून धावायला लागला.

तोच आवाज, रोज संध्याकाळी सहाचा.

सहादेवांनी डबा थांबवला, छत काढलं. आत एक नीट बसवलेली मोटर, घड्याळाच्या असाव्यात अशा बारीक दातऱ्या, केसासारख्या तारा, सोल्डरचा एकेक थेंब मोहरीएवढा. त्यांनी काळं इंजिन पुढे जोडलं, मागे तीन डबे लावले आणि पुन्हा कळ फिरवली. गाडी धावली. दारातून बघणाऱ्याला वाटावं, काळं इंजिनच सगळी गाडी ओढतंय.

"ह्यो डबा ढकलायचा इंजनाला," सहादेव हळूच म्हणाले. "कुठलं बी इंजन पुढं लावा. हाताचं काम हाय, बाई. लई बारीक काम. तुमच्या मालकांनी केलं का?"

"मला माहीत नाही," रोझीबाई म्हणाल्या.

खरंच त्यांना माहीत नव्हतं. सहादेव पैसे घेऊन गेले तेव्हा दारात थबकले. "मगाशी बोललो ते मनावर घेऊ नका," म्हणाले. "तुमाला कुनी सांगितलंच नव्हतं, त्याला तुमी काय करनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझीबाई रिक्षा करून कापडबाजारामागच्या गल्लीत गेल्या. नूरमहंमद यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान तिथं होतं, टपरीएवढं. जॉर्ज आठवड्यातून दोनदा तरी तिथं बसायला जायचे हे त्यांना ठाऊक होतं. गप्पा मारायला जातात असं त्या धरून चालल्या होत्या. नूरमहंमद यांनी त्यांना पाहिलं आणि डोळ्याला लावलेलं भिंग उतरवून ठेवलं. दफनविधीला ते आले होते, शेवटपर्यंत उभे होते.

रोझीबाईंनी पिशवीतून तपकिरी डबा काढून काउंटरवर ठेवला. "नूरभाई, हे काय आहे?"

नूरमहंमद यांनी डब्याला हात लावला नाही. "बसा भाभी," म्हणाले.

"गाड्या चालत नव्हत्या?"

"एकही नाही. सुरुवातीची एक छोटी चालायची, तिचीच मोटर काढून ह्यात घातली. आम्ही दोघांनी. चार महिने लागले." मग ते कुणाला तरी सांगायचं राहून गेल्यासारखे बोलत सुटले. "काय सांगू भाभी, प्रत्येक पार्सलात फसवलं साहेबांना. मोबाईल घेऊन यायचे, मला वाचून दाखवायचे. 'नूरभाई, बघा काय लिहिलंय, जुन्या संग्रहातली, किरकोळ खुणा, बाकी सुरेख.' मी म्हणायचो, साहेब, किरकोळ खुणा म्हणजे कुठून तरी पडलेली असणार. 'तपासलेली नाही' लिहिलं असेल तर समजा की तपासलीय आणि बंद आहे. 'दुर्मिळ' म्हणजे हिचे भाग कुठंच मिळत नाहीत. ते हसायचे. म्हणायचे, असं नसतं हो, लिहिणाऱ्यालाही बिचाऱ्याला माहीत नसेल. आणि पुन्हा बोली लावायचे."

"मग परत का नाही पाठवल्या? तक्रार का नाही केली?"

समोरच्या भिंतीवर दहाबारा घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी.

"मी विचारलं होतं. म्हणाले, परत पाठवायची तर घरात सांगावं लागेल. कुरियरवाला घरी येणार, तुम्ही विचारणार." त्यांनी खाली बघितलं. "पहिल्या पार्सलाच्या वेळचं काहीतरी झालं होतं म्हणे. मला पूर्ण नाही सांगितलं."

सांगायची गरज नव्हती. रोझीबाईंना ते लख्ख आठवलं. पहिलं पार्सल आलं त्या दिवशी शाळेतल्या चार शिक्षिका घरी जेवायला होत्या. जॉर्जनी उत्साहाने सगळ्यांसमोर खोकं फोडलं. आतून निघालं तुटक्या चाकांचं, गंजलेलं इंजिन. आणि रोझीबाई म्हणाल्या होत्या, "अहो, भंगारच घ्यायचं होतं तर भंगारवाला रोज दारावरून जातो की! त्याच्यासाठी जर्मनीला कशाला निरोप धाडायचा?" बायका हसून लोटपोट झाल्या. जॉर्जही हसले होते. पुढे कितीतरी वर्षं ती गंमत रोझीबाईंनी चर्चच्या मंडळीच्या स्नेहभोजनात, लग्नकार्यात, नातेवाइकांत रंगवून रंगवून सांगितली. दरवेळी जॉर्ज बाजूला बसून हसायचे.

दुसरं पार्सल त्यांनी दार लावून उघडलं होतं. बाहेर येऊन म्हणाले होते, "ही चालू आहे बरं का."

रोझीबाई रिक्षात बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की जॉर्जना आपल्यासमोर रोज संध्याकाळी गाडी चालवून दाखवावी लागत होती. चहाची वेळ ठरलेली होती. म्हणजे गाडीचीही.

त्या आठवड्यात त्यांनी लिलावातल्या सगळ्या गाड्या काढून घेतल्या. मग नूरमहंमद यांना घरी बोलावलं. ते शुक्रवारची नमाज पढून आले, भिंग लावून एकेक इंजिन उघडून बघत गेले, आणि रोझीबाई लिहीत गेल्या. "मोटर जळालेली. चाकाचा आस वाकलेला. बाहेरून देखणे, आतून रिकामे. चालत नाही. कधीही चालले नाही." शेवटच्या वाक्यापाशी त्यांचा हात अडला, पण त्यांनी ते तसंच ठेवलं. नूरमहंमद मध्येच एखादं इंजिन हातात धरून म्हणायचे, "हे आलं तेव्हा साहेब फार खूश होते," आणि पुढे काही न बोलता खाली ठेवायचे.

खरी वर्णनं रोझीबाईंनी स्वतःच, मराठीतच वर टाकली आणि बोली लावणारे गायब झाले. दहा दिवसांत एकाने फक्त विचारलं, नुसती कपाटं विकणार का. अकराव्या दिवशी सहादेवांचा फोन आला.

"बाई, तुमी लिवलेलं वाचलं सगळं. असं कुनी लिवत न्हाई." मग ते म्हणाले, "मला देता का समदी? मी मोटरी भरीन. वर्सभर लागंल, दोन वर्सं लागतील, मला कुठं घाई हाय. घरी फळ्या टाकल्यात, रूळ बी हायत. बायको गेल्यापासून दिवस सरत न्हाई."

ते टेम्पो घेऊन आले. रोझीबाईंनी सगळं स्वतः बांधून ठेवलं होतं. तपकिरी डबा मात्र स्वयंपाकघरात फ्रीजवर होता. सहादेवांनी तो पाहिला, पण विचारलं नाही. रोझीबाईंनीच तो आणून त्यांच्या हातात दिला.

"ह्यो नका दिऊ," ते म्हणाले. "मालकांच्या हातचा हाय."

"म्हणूनच. इथे मी त्याला चालवणार नाही. मला जमणार नाही ते."

"मग तुमी या बेलापूरला. चालवून दाखवतो."

"बघू," रोझीबाई म्हणाल्या. दोघांनाही कळलं की त्या जाणार नाहीत.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी दुपारी एंजेला आली. उन्हाने चेहरा उतरलेला, एकटीच, हातात नेहमीपेक्षा मोठी बॅग. बॅग ठेवून ती मागच्या खोलीत गेली. कपाटं रिकामी होती. फळकूटही गेलं होतं. भिंतीवर त्याच्या कडेची सरळ रेघ तेवढी उरली होती.

रोझीबाईंनी तिला सगळं सांगितलं. सहादेव, शिशाचा तुकडा, डबा, नूरमहंमद. एंजेला खिडकीच्या कठड्याला टेकून ऐकत राहिली. तिने एकदाही "काय सांगतेस" म्हटलं नाही. रोझीबाई बोलता बोलता थांबल्या.

"तुला माहीत होतं."

एंजेलाने मान हलवली. "कॉलेजात होते तेव्हा एकदा सुटीत आले, तेव्हा पप्पांनी दाखवलं. तो डबा त्यांनी मलाच पहिल्यांदा दाखवला. खूप आनंदात होते ते, मम्मी. म्हणाले, बघ, एकाने सगळ्यांचं भागतं."

"आणि वर्णनं तू इंग्रजीत करत होतीस तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

"मी खोटं लिहितेय, तू वाचतेयस, आणि तरी ते वर टाकतेयस. तो माणूस माझ्या दारात येऊन मला लबाड म्हणाला."

"मला वाटलं, तेवढं तरी तुझ्याकडे राहू दे," एंजेला म्हणाली. "रोज संध्याकाळी चालवायचे असं तू लिहिलंस. ते कापून मी काय लिहायला हवं होतं? आणि तुला सांगणार कोण होतं? तुला काही सांगायचं म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिलं.

"म्हणजे काय?"

"काही नाही."

"बोल."

"तू हसतेस, मम्मी. किंवा मी म्हटलंच होतं म्हणतेस. आम्ही दोघं ठरवायचो, मम्मीला काय सांगायचं आणि काय नाही. वाईट म्हणून नाही. पप्पा म्हणायचे, तिचा दिवस कशाला खराब करा."

रोझीबाई जमिनीवरच बसल्या, भिंतीला पाठ लावून, त्या रेघेखाली. शाळेत साडेतीनशे मुलं त्यांच्या नुसत्या चाहुलीने गप्प व्हायची, ह्याचा त्यांना एके काळी अभिमान वाटायचा. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

त्यांनी वर बघितलं. मुलगी वाळली होती. गळ्याची हाडं दिसत होती. दफनविधीलाही अशीच दिसत असणार, तेव्हा दुःखाचं म्हणून चालून गेलं. दाराशी ती मोठी बॅग होती.

"आणखी काय नाही सांगितलंस मला?" रोझीबाईंनी विचारलं.

एंजेला पटकन म्हणाली, "काही नाही. सगळं ठीक आहे."

पूर्वी त्या उठून स्वयंपाकाला लागल्या असत्या. आज बसून राहिल्या. एंजेलाने खिडकीतून बाहेर बघितलं, आत बघितलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आठ महिने झाले," ती म्हणाली. "मी वेगळी राहते. कोथरूडला, एका मैत्रिणीबरोबर. पप्पांच्या दफनविधीला नवरा आला तो मी हातापाया पडून आणला होता, फक्त त्या दिवसापुरता. घटस्फोटाची कागदपत्रं झाली की संपलं." तिने श्वास घेतला. "पप्पांना माहीत होतं."

रोझीबाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. लग्नाच्या आधीच त्यांनी ते एकदा म्हटलं होतं आणि आता ते खरं ठरलं होतं. दुसरंही होतं, मंडळीतल्या लोकांना काय सांगायचं याचं. तिसरंही होतं. तिन्ही त्यांनी गिळली.

"मारायचा का?" त्यांनी विचारलं.

एंजेलाने नाही म्हणून मान हलवली. मग थोड्या वेळाने, नाही असं नाही, अशीही हलवली. आणि मग ती सांगायला लागली. सलग नाही सांगितलं तिने. एखादं वाक्य सांगायची, थांबायची, आईच्या तोंडाकडे बघायची, आणि तिथे काही उमटलं नाही असं पाहून पुढचं सांगायची. रोझीबाईंनी मध्ये एकही शब्द घातला नाही. एवढं गप्प बसणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि आजही ते सोपं जात नव्हतं. ऐकता ऐकता त्यांना सारखं वाटत होतं, की हे एवढंच करायचं होतं. चहाचा कप घेऊन दारातून आत यायचं, स्टूल ओढायचं, आणि विचारायचं, काय आलं हो पार्सलात. मग गप्प बसायचं. त्यासाठी पंधरा वर्षं मिळाली होती.

ऊन कलेपर्यंत दोघी तिथंच होत्या.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवारच्या भक्तीला त्या दोघी गेल्या. तीन तासांची भक्ती. चर्च भरलेलं, पंखे फिरत असूनही उकाडा. संपल्यावर अंगणात मनकर्णाबाई उजागरे भेटल्या. त्या रोझीबाईंच्या शाळेतल्या जुन्या सहकारी, पहिल्या पार्सलाच्या दिवशी जेवायला आलेल्यांतल्या एक. त्यांनी एंजेलाच्या गालावरून हात फिरवला आणि इकडे तिकडे बघत विचारलं, "जावईबापू नाही आले?"

एंजेला हसली. "कामात आहेत," असं म्हणायला तिने तोंड उघडलंही.

"नाही," रोझीबाई म्हणाल्या. "ते आता येणार नाहीत. ही वेगळी राहते."

आजूबाजूच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. एंजेलाने आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता का सुटका, रोझीबाईंना ओळखता आलं नाही. आणि विचारायचं तर ते घरी जाऊन, दोघीच असताना विचारायचं, एवढं त्यांनी मनाशी धरलं.

त्या फाटकाकडे चालू लागल्या. एंजेला दोन पावलं मागे होती. रस्त्यावर येईपर्यंत ती मागेच राहिली, मग बरोबरीने आली.